ओढणारी नौका आणि तिची लघुप्रतिकृती

१

१० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन येथे मराठ्यांनी निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला. हे स्थळ आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात मोडते. या लढाईच्या वर्णनांत तरुण माधवराव पेशव्याचे धैर्य आणि दिवाण विठ्ठल सुंदर याचा रणांगणावरील मृत्यू यांना स्वाभाविकपणेच अग्रस्थान मिळाले आहे. तथापि या विजयाला अनुकूल ठरलेली परिस्थिती जलवाहतुकीची होती. निजामअली सैन्याच्या एका भागासह नदी उतरून उत्तर तीरास गेला होता. विठ्ठल सुंदराच्या हाताखालील भाग दक्षिण तीरावरच होता. आणि श्रावण-भाद्रपदातील भरल्या गोदावरीमुळे एका तीरावरील फौजेस दुसऱ्या तीरावरील फौजेची मदत होऊ शकली नाही. एका नावेत किती माणसे, जनावरे व तोफा मावतात, एका खेपेस किती वेळ लागतो, प्रवाह जोराचा असता नाव कोण व कशी ओढतो, हे प्रश्न अशा प्रसंगी राजकारणाइतकेच निर्णायक असतात. इतिहासलेखनात मात्र ते क्वचितच विचारले जातात.

नदीवरील उतारापेक्षा समुद्रावरील युद्धाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. आरमाराचा इतिहास निशाणे, तोफा व सेनानी यांच्या आधारे लिहिला जातो. ज्या नौकेने दुसरीला ओढून योग्य जागी नेले तिचा उल्लेख एखाद्या वाक्यात संपतो. अशा ओढणाऱ्या नौकेचा विचार करताना लेखी साधने कोठपर्यंत साहाय्य करतात, आणि जेथे ती थांबतात तेथून पुढे जाण्यास टगबोटीची दूरनियंत्रित लघुप्रतिकृती हे साधन कितपत उपयोगी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. छंद म्हणून बांधल्या जाणाऱ्या वस्तूला संशोधनाच्या साधनांत स्थान द्यावे काय, असा प्रश्न यावर विचारला जाईल. त्याचे उत्तर त्या वस्तूला कोणता प्रश्न विचारला जातो यावर अवलंबून आहे.

२

मराठ्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत या दोन जाती प्रमुख होत्या. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आपल्या ग्रंथाच्या १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात आंग्र्यांच्या आरमाराचे जे वर्णन दिले आहे, त्यानुसार तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांहून अधिक नसे. ती लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी आणि पुढे लांब निमुळती नाळ असलेली होती. या नाळेवरून पुढच्या दिशेस मारा करतील अशा तोफा तिच्यावर बसविलेल्या असत. गलबत आकाराने लहान, क्वचितच ७० टनांहून मोठे. त्यास शिडांखेरीज ४० ते ५० वल्ही असत. वारा असेल तेव्हा ही जहाजे शिडांवर चालत. वारा पडला म्हणजे गलबते वल्हवून गुराबांना ओढत शत्रूच्या जहाजापाशी नेत. तेथे गुराबा शत्रूच्या पिछाडीस जमून त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करीत.

ऑर्मच्या वर्णनातील या ओढण्याच्या उल्लेखाचे महत्त्व रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राशी ताडून पाहता ध्यानी येते. १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथातील आरमारविषयक प्रकरणात गुराबा फार मोठ्या नाहीत व फार लहान नाहीत अशा मध्यम प्रमाणाच्या बांधाव्यात, आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी थोर जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही, असा अभिप्राय व्यक्त झाला आहे. हा अभिप्राय केवळ काटकसरीचा मानता येत नाही. १५० टनांची गुराब गलबतांना ओढता येते. युरोपीय पद्धतीचे मोठे युद्धजहाज तशा रीतीने ओढत नेणे फार कठीण. जहाजाच्या आकाराची मर्यादा ओढणाऱ्या नौकेच्या शक्तीवरून ठरलेली असावी, असे अनुमान येथे सयुक्तिक ठरते.

ही शक्ती किती होती? दीर्घकाळ अंगमेहनतीचे काम करणाऱ्या माणसाकडून ७५ वॉटच्या आसपास शक्ती मिळते असे मानल्यास, ४० वल्ह्यांमागे प्रत्येकी एक मनुष्य धरून एका गलबताची शक्ती ३,००० वॉट, म्हणजे सुमारे ४ अश्वशक्ती भरते. वल्ह्यामागे दोन माणसे धरली तरी ती ८ च्या पुढे जात नाही; आणि वल्हे पाण्यात फिरताना त्यातील काही भाग वाया जातोच. एवढ्या शक्तीवर जड गुराब फार दूर नेणे शक्य नव्हते. शांत समुद्रात, थोड्या अंतरासाठी, ती तोफेच्या टप्प्यात आणून सोडणे हेच या पद्धतीचे साध्य होते. ऑर्मचे वर्णन या हिशेबाशी सुसंगत आहे.

येथवर साधने बोलतात. परंतु त्यांतून एक अडचण निर्माण होते. ओढणारी नौका ओढल्या जाणाऱ्या नौकेच्या पुढे असते. गुराबेच्या मुख्य तोफा तर पुढेच रोखलेल्या असत. अर्थात गलबत सरळ पुढे राहिल्यास ते आपल्याच गुराबेच्या माऱ्याच्या रेषेत सापडते. मग गलबते दोन बाजूंस फाकून ओढत होती काय? की टप्प्यात येताच दोर सोडून बाजूस होत होती? दोर गलबताच्या कोणत्या भागास बांधला जाई? या प्रश्नांचे उत्तर ऑर्मच्या वर्णनात नाही, आज्ञापत्रात नाही, आणि ते प्रत्यक्ष जहाज पाहूनही मिळण्याजोगे राहिलेले नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्याचे आरमार जळून गेले. आणि कोकणातील जहाजबांधणीची परंपरा नकाशापेक्षा कारागिराच्या नजरेवर व हातावर विसंबलेली होती.

३

ओढण्याचे काम वल्ह्यांकडून वाफेकडे कसे गेले, हे पाहिल्यास उपरोक्त प्रश्नाचे यांत्रिक स्वरूप अधिक स्पष्ट होते. विल्यम सिमिंग्टन याने बांधलेल्या ‘शार्लट डंडास’ या वाफेच्या नौकेने मार्च १८०३ मध्ये स्कॉटलंडमधील फोर्थ-क्लाइड कालव्यातून प्रत्येकी ७० टनांचे दोन पडाव सुमारे ३० किलोमीटर ओढून नेले. त्या दिवशी समोरून इतका जोराचा वारा वाहत होता की कालव्यातील इतर नौकांना पुढे सरकता आले नाही. कालव्याच्या मालकांनी मात्र लाटांनी काठ ढासळतील या भयाने ही योजना पुढे चालविली नाही. ओढणारी नौका ही वाफेच्या यंत्राची समुद्रावरील पहिल्या उपयोगांपैकी एक ठरली, याचे कारण उघड आहे: मोठे जहाज शिडांवरच राहू शकत होते, वाऱ्याची उणीव भरून काढण्यास एक लहान, बळकट नौका पुरेशी होती. गलबत व गुराब यांच्यातील श्रमविभाग हाच होता.

मुंबईत हे स्थित्यंतर वाडिया घराण्याच्या हातून घडले. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले. पुढे या घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेल्या जहाजांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. त्याच्या बांधणीचा इतिहास उद्बोधक आहे. इंग्लंडहून पाठविलेले त्याचे मूळ नकाशे ‘जावा’ या जहाजावर होते, आणि डिसेंबर १८१२ मध्ये ते जहाज अमेरिकन नौदलाच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकल्यामुळे नकाशे नष्ट झाले. दुसऱ्या प्रती येईपर्यंत काम खोळंबले. कारागिराच्या नजरेत असलेले ज्ञान त्याच्या बरोबर जाते, तसेच कागदावरील ज्ञानही एका लढाईत बुडू शकते, असा याचा अर्थ होतो.

याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी वाडिया (१८०८-१८७७) यांनी ‘इंडस’ नावाची ६० टनांची लहान नौका १८३३ मध्ये पाण्यात उतरविली आणि तीत वाफेचे यंत्र बसविले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. लहान आकारावर हात बसवून मग मोठ्याकडे जाण्याची त्यांची रीत येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे मुंबईत १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक व १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाले. बंदिस्त गोदीच्या अरुंद दरवाज्यातून मोठी जहाजे आत-बाहेर नेणे हे टगबोटीचे नित्याचे काम बनले. या जातीच्या नौकेविषयीची समजूत नावांतूनही दिसते: भारतीय नौदलाने आपल्या दोन मोठ्या ओढनौकांस ‘गज’ व ‘मातंग’ अशी नावे दिली, दोहोंचाही अर्थ हत्ती असाच आहे.

४

जोडसंचातून, म्हणजे बाजारात ‘किट’ या नावाने मिळणाऱ्या तयार भागांतून, टगबोटीची प्रतिकृती बांधणे हे खऱ्या जहाजबांधणीपासून फार दूरचे काम वाटते. परंतु खऱ्या टगबोटीही एकदा अशाच बांधल्या गेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला लहान टगबोटींची निकड भासली, तेव्हा १९४३ पासून ‘टी. आय. डी.’ या जातीच्या १८२ बोटी तयार करण्यात आल्या. प्रत्येक बोट ८ भागांत विभागलेली असे. हे भाग जहाजबांधणीशी पूर्वी संबंध नसलेल्या, देशाच्या अंतर्भागातील पोलादी कामाच्या कारखान्यांत तयार होत, मालमोटारींवरून आणले जात आणि गोदीत एकमेकांस झाळून जोडले जात. ज्या थॉर्न गावी ही जोडणी प्रथम झाली तेही समुद्रकिनाऱ्यावर नसून एका कालव्याच्या काठी आहे. नवख्या कारागिरांना पत्रे वक्र वळविणे कठीण पडू नये म्हणून बोटीचे आकार सरळ रेषांचे ठेवण्यात आले होते.

या उदाहरणावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, समुद्रापासून दूर असणे हे नौका समजून घेण्याच्या आड येतेच असे नाही. बीड मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. समुद्रावरील गोष्टींचा अभ्यास तेथे होऊ नये याला एवढे अंतर हे कारण पुरेसे नाही. दुसरी ही की, नौकेचे भाग व त्यांचा जोडण्याचा क्रम हे स्वतःच एक ज्ञान आहे. जो भाग जोडतो त्याला प्रत्येक भागाचे कार्य विचारावे लागते.

टी. आय. डी. बोटीची लांबी ७४ फूट, म्हणजे सुमारे २२.५ मीटर, आणि रुंदी १७ फूट होती. १ : ३२ या प्रमाणात तिची प्रतिकृती सुमारे ७० सेंटिमीटर लांब व १६ सेंटिमीटर रुंद होते. जोडसंचात बहुधा बोटीचे कवच तयार येते. त्याच्या मागील भागात भोक पाडून पंख्याच्या दांड्याची नळी बसविणे हे पहिले नाजूक काम. दांडा व मोटर एका रेषेत नसतील तर घर्षण वाढते आणि विजेचा घट लवकर संपतो. नळीत वंगण नीट भरले नसेल तर त्याच वाटेने पाणी आत येते. नंतर सुकाणू, त्याला फिरविणारी लहान मोटर, वेगाचे नियंत्रण करणारे उपकरण, रेडिओ-संदेश घेणारा ग्राहक आणि घट यांची मांडणी होते. सर्व काही आत ठेवल्यावरही बोट पाण्यावर फार उंच तरंगते. म्हणून तळाशी शिशाचे नीरम घालून ती ठरविलेल्या जलरेषेपर्यंत बसवावी लागते. नीरम बोटीच्या मध्यरेषेवर व शक्य तितके खाली नसेल तर पहिल्याच वळणावर बोट कलते.

५

तपशील भरण्याच्या अवस्थेत प्रतिकृतीचे इतिहासाशी असलेले नाते अधिक जवळून दिसते. टगबोटीवरील प्रत्येक वस्तू तिच्या कामामुळे तेथे आलेली असते. कडेला टांगलेली दोरखंडाची जाड उशी किंवा जुनी टायरे मोठ्या जहाजास धक्का लागू नये म्हणून असतात. डेकच्या कठड्यास खालच्या बाजूस ठेवलेली दारे वर आलेले पाणी चटकन बाहेर जावे यासाठी असतात. मागील मोकळ्या डेकवर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणाऱ्या कमानी शोभेच्या नसतात. ओढीचा दोर इकडून तिकडे सरकताना डेकवरील वस्तूंत अडकू नये म्हणून त्या दोराला वर उचलून धरतात. कप्तानाच्या खोलीस मागील बाजूस खिडक्या असतात, कारण त्याला पुढच्याइतकेच मागेही पाहावे लागते. १ : ३२ प्रमाणात माणूस सव्वापाच सेंटिमीटरांच्या आसपास उंच होतो, तो डेकवर उभा करून पाहिला म्हणजे कठडा, दार व शिडी यांच्या मापातील चूक तत्काळ उघडी पडते.

सर्वांत बोलका तपशील म्हणजे ओढीचा हूक. टगबोट मागचे जहाज ओढते, म्हणून हूक अगदी मागील टोकास असावा असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तो बोटीच्या मध्याजवळ, मध्यापासून किंचित मागे असतो. हूक मागच्या टोकाला लावून प्रतिकृती चालविली तर याचे कारण काही क्षणांत कळते. ताणलेला दोर बोटीची शेपटी घट्ट धरून ठेवतो, सुकाणू फिरविले तरी बोट वळत नाही. तोच हूक मध्याजवळ आणला की बोट त्या बिंदूभोवती फिरू शकते आणि आपल्या इच्छेनुसार दिशा बदलते. या सोयीची किंमतही आहे. दोर बोटीस काटकोनात आला आणि मागचे जहाज पुढे सरकत राहिले, तर दोर बोटीला आडवी ओढून उलथवू शकतो. खऱ्या टगबोटींवर या प्रकाराने खलाशांचे प्राण गेले आहेत. संकटसमयी एका झटक्यासरशी दोर सोडणारा हूक याच अनुभवातून आला.

या ठिकाणी गलबताचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दोन गलबते गुराबेच्या मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंश बाजूस राहून ओढत असतील, तर त्यांच्या ओढीचा सुमारे ८७ टक्के भाग गुराबेस पुढे नेण्यास उपयोगी पडतो आणि माऱ्याची रेषा मोकळी राहते. कोन ४५ अंश केला तर उपयोगी भाग ७१ टक्क्यांवर येतो. म्हणजे तोफा मोकळ्या ठेवण्यासाठी द्यावी लागणारी किंमत अल्प कोनात फारशी नाही. परंतु बाजूस राहून ओढावयाचे तर दोर गलबताच्या मागील टोकास बांधून चालणार नाही. तो मध्याकडे आणावा लागेल, आणि तेथे तर वल्हेकऱ्यांची बाके आहेत. दोर डोलकाठीच्या बुंध्याशी बांधला जात असेल काय? हा प्रश्न कागदावर सुचतो, पण त्याची निकड प्रतिकृतीचा हूक मागे-पुढे सरकवून पाहणाऱ्यासच पुरती जाणवते.

६

लहान बोटीने दाखविलेली गोष्ट मोठ्या बोटीस लागू पडते, यास प्रमाण काय? या शंकेचे निरसन विल्यम फ्रूड याने एकोणिसाव्या शतकात केले. १८७१ मध्ये त्याने ‘ग्रेहाउंड’ ही युद्धनौका ‘अ‍ॅक्टिव्ह’ या दुसऱ्या नौकेकडून ओढवून दोरावरील ताण मोजला, आणि तिच्या लहान प्रतिकृतीवर काढलेल्या अनुमानांशी तो ताडून पाहिला. १८७२ मध्ये टॉर्की येथे त्याची प्रयोगशाळा सुरू झाली. तेथील लांब हौदात मेणाच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या जात. जहाजशास्त्रातील या मूलभूत प्रयोगाचे साधन ओढीचा दोर हेच होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

फ्रूडच्या नियमानुसार लांबी ३२ पट कमी केली की वेग ३२ च्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ५.६६ पटीने कमी करावा लागतो. ताशी ८ सागरी मैल जाणाऱ्या टगबोटीची प्रतिकृती सेकंदास सुमारे ७३ सेंटिमीटर या वेगाने चालली म्हणजे तिच्या लाटा खऱ्या बोटीच्या लाटांसारख्या उठतात. वजन व ओढ मात्र ३२ च्या घनाने, म्हणजे ३२,७६८ पटींनी घटतात. १२० टन विस्थापनाच्या बोटीची प्रतिकृती सुमारे ३.७ किलोग्रॅमची होईल. ३ टनांची ओढ ९० ग्रॅमच्या आसपास येईल. यावरून हौशी बांधणाऱ्यांच्या हातून नेहमी घडणारी चूक समजते: मोटर हवी त्याहून बलवान असते, आणि बोट टगबोटीसारखी न चालता शर्यतीच्या होडीसारखी पळते. असे चालणे डोळ्यांना सुखावते, परंतु त्यातून कोणतेही अनुमान काढता येत नाही.

नियमालाही मर्यादा आहेत. पाण्याचे पृष्ठभागाशी होणारे घर्षण लाटांच्या नियमाने घटत नाही. फ्रूडने त्याचा हिशेब निराळा मांडला होता. प्रतिकृतीच्या सर्व हालचाली ५.६६ पट जलद घडतात, त्यामुळे खऱ्या तांडेलास विचार करण्यास जो अवधी मिळे तो येथे मिळत नाही. पंख्याची ओढ अखंड असते, वल्ह्यांची ओढ धक्क्याधक्क्यांनी येते. शिवाय वल्हेकरी एका बाजूची वल्ही थांबवून सुकाणूवाचूनही नौका वळवू शकतात. म्हणून टगबोटीची प्रतिकृती गलबताची जागा घेऊ शकत नाही. दोराची जागा, ओढीचा कोन व उलथण्याचा धोका यांचा परस्परसंबंध तेवढा तिच्याकडून तपासून घेता येतो. वल्हेकऱ्यांची ताकद, खलाशांचे कौशल्य, लढाईतील गोंधळ यांविषयी ती काही सांगत नाही.

दूरनियंत्रणाची आवश्यकता याच संदर्भात पटते. काठावरून दोरीने चालविलेल्या बोटीवर त्या दोरीचाच ताण पडतो, आणि मोजावयाची ओढ दूषित होते. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात लोखंडी कवचाची एक लहान बोट तारेवाचून चालवून दाखविली, आणि त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबरला त्याला तिचे पेटंट मिळाले. आज २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारी, सुकाणू व वेग स्वतंत्रपणे आणि हवे तितके कमी-अधिक करू देणारी साधने हौशी मंडळींच्या आवाक्यात आली आहेत. दोन प्रतिकृती एकाच वेळी, एकमेकींच्या संदेशात व्यत्यय न आणता चालविता येतात. दोन गलबतांच्या प्रश्नास नेमके हेच हवे.

७

लघुरूपातून मोठ्या नौकेकडे जाण्याचा मार्ग मराठवाड्यास परका नाही. श्रीयज्ञ सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे, आणि सातवाहनांची राजधानी पैठण ही गोदावरीच्याच काठी होती. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातील नाविक लढाईशी काही अभ्यासकांनी मुंबईतील एकसर येथील वीरगळांचा संबंध जोडला आहे; त्यांवर वल्ह्यांच्या रांगांसह युद्धनौका कोरलेल्या आहेत. या प्रतिमा लहान आहेत, त्यांत प्रमाण नाही, तरीही नौकेविषयी लेखी साधनांहून वेगळे काही त्या सांगतात.

या मार्गाचे अलीकडील उदाहरण अजिंठ्याचे आहे. तेथील लेण्यातील जहाजाच्या चित्रावरून पाचव्या शतकातील शिवण पद्धतीची नौका पुन्हा बांधण्याचा करार जुलै २०२३ मध्ये झाला. चित्र होते, परंतु नकाशा नव्हता. म्हणून आकाराचे अनुमान करून त्याच्या प्रतिकृतीवर मद्रासच्या आय. आय. टी.मध्ये पाण्यातील चाचण्या घेण्यात आल्या, आणि त्यानंतर गोव्यात केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याने शिवून नौका उभी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पाण्यात उतरली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलाने तिचा ‘कौंडिण्य’ या नावाने स्वीकार केला. आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ती पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. समुद्रापासून दूर, एका डोंगराच्या पोटातील भिंतीवर रंगविलेले जहाज समुद्रापर्यंत पोहोचले, ते मधल्या टप्प्यावरील प्रतिकृतीच्या साहाय्याने.

गुराब व गलबत यांच्या बाबतीत हाच क्रम शक्य आहे, आणि त्याचा पहिला टप्पा अल्प खर्चाचा आहे. ऑर्मने दिलेल्या मापांवरून व समकालीन चित्रांवरून १५० टनांच्या गुराबेचे एक कवच बांधावे. जोडसंचातील दोन टगबोटींच्या प्रतिकृती, वेग व ओढ योग्य मर्यादेत ठेवून, तिला जोडाव्यात. ओढीचा बिंदू व कोन क्रमाने बदलून दोरावरील ताण व नौकेचा कल नोंदवावा. अशा प्रयोगास हवे ते स्थिर व मोकळे पाणी सिंदफणेवरील माजलगाव किंवा मांजरेवरील धनेगाव येथील जलाशयाच्या काठी, वारा पडलेल्या पहाटे, आवश्यक त्या परवानगीने मिळू शकते. नोंदींचे कोष्टक तयार झाल्यावर ते ऑर्मच्या वर्णनाशी व आज्ञापत्राच्या अभिप्रायाशी ताडून पाहावे. विशिष्ट कोनापलीकडे लहान नौका उलथते असे दिसल्यास बाजूस फाकून ओढण्याचे अनुमान सोडावे लागेल, आणि गलबते दोर सोडून दूर होत असावीत असे मानणे भाग पडेल. तसे न दिसल्यास पहिल्या अनुमानास बळकटी येईल. दोन्ही परिणाम सारखेच उपयुक्त आहेत.

विजयदुर्गाच्या खाडीत जळालेली जहाजे परत येणार नाहीत, आणि त्यांवरील तांडेलांनी आपली युक्ती लिहून ठेवलेली नाही. त्यांचे काम किती अवघड होते हे जाणल्यावाचून त्यांच्या विजयाचे व पराभवाचे मूल्यमापन मात्र अपुरे राहील. साडेतीन-चार किलोग्रॅम वजनाची एक बोट ते काम करून दाखवू शकत नाही. ते कोणत्या मर्यादेत शक्य होते एवढे ती सांगू शकते. आरमारी इतिहासाच्या अभ्यासात या मर्यादांचे ज्ञान आज अत्यंत विरळ असल्याने तिची साक्ष नोंदवून घेणे इष्ट होईल.